ताट हाती द्या लागते

लग्नाला चार दिवस झाले होते. २००५ चा मे महिना, वरुड तालुक्यातलं ऊन, घरात अजून पाहुणे. पुरुषांची पंगत उठली, लेकरं जेवून आडवी झाली आणि बायका जेवायला बसल्या. वाढायला मी. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, पार पलीकडे खांबाला टेकून बसल्या होत्या. मधे दोन लेकरं झोपलेली. पदर सांभाळत त्यांच्यावरून ओणवं व्हायला जमेना, म्हणून मी वाढलेलं ताट फरशीवर टेकवलं आणि त्यांच्याकडे सरकवलं. स्टीलचं ताट शहाबादी फरशीवरून खर्रर्र आवाज करत गेलं.

"ताटाले पाय हायेत का?" आत्याबाई एवढ्या जोरात बोलल्या की ओसरीवरची माणसं आत डोकावली. "माणसाच्या हाती द्या लागते ताट. तुमच्या इकडं असं सरकवतेत का?"

सात-आठ बायका होत्या. कोणी काही बोललं नाही. माझे कान तापले. आत्याबाईंनी त्या ताटातला घासही घेतला नाही, तांब्याभर पाणी पिऊन उठल्या. मी त्या रात्री माझ्या मनाशी नोंद करून टाकली: ही बाई मानाची भुकेली आहे. ती नोंद मी सतरा वर्षं पुसली नाही. पुढे त्यांनी केलेलं बरंवाईट सगळं त्याच खात्यात जमा होत गेलं. शेजारणीला त्या स्वतः उठून चहा द्यायच्या, तर मला वाटायचं लोकांना दाखवायला. वावरातल्या गड्याची भाकर त्याच्या हातात द्यायच्या, जवळ बसून तो जेवेपर्यंत हलायच्या नाहीत, तर मला वाटायचं नजर ठेवतात.

यातलं मला आज जास्त टोचतं ते असं की मी वाचणारी मुलगी होते. माणसं आपल्याला कळतात, असा माझा पक्का समज होता.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं. खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतून पसरलेली ही काळीभोर जमीन दिसायला सोन्यासारखी, पण तिच्या पोटातलं पाणी खारं. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ तासन् तास शिजत नाही. आमच्या गावात वाचनालय होतं ते ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत. दोन लोखंडी कपाटं, एक बाक, आणि संध्याकाळी दोन तास उघडणारं दार. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रभर अशा छोट्या 'ड' वर्गाच्या वाचनालयांना चार पैसे मिळू लागले. आमचंही त्यातलंच. त्या दोन कपाटांचे उपकार माझ्यावर फार आहेत.

सातवी ते बारावीपर्यंत मी त्यातली जवळपास सगळी कथा-कादंबरीची पुस्तकं वाचली. बहुतेक पुण्या-मुंबईकडची. त्यांतले नवरा-बायको गॅलरीत उभे राहून चहा पीत आणि मनातलं बोलत. "आज गप्प का आहेस?" असं नवरा बायकोला विचारायचा. हा प्रश्न मला फार मोठा वाटायचा. आमच्या घरी तो कोणी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही. बाबा वावरातून आले की बैल बांधायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे. माय वाढायची. "मीठ कमी हाय" किंवा "उद्या डवरा लावतो", एवढंच बोलणं. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसायची आणि मायबापाच्या संसाराला पुस्तकातल्या संसाराचं माप लावायची. दर वेळी तो कमीच भरायचा. सोळाव्या वर्षी माझं ठरून गेलं होतं की या दोघांचं एकमेकांवर प्रेम नाही.

वाचनानं माणूस समजूतदार होतो म्हणतात, तेव्हा मला माझं ते वय आठवतं. वाचनानंच मला तेव्हा माझ्या घराकडे परक्यासारखं पाहायला शिकवलं होतं. दुसऱ्यांच्या घरांच्या गोष्टी वाचून मला माझ्या घराची लाज वाटू लागली होती.

मग अमरावतीला कॉलेजात असताना उद्धव शेळक्यांची 'धग' हाती आली. १९६० साली आलेली कादंबरी, मी वाचली त्याच्या कितीतरी वर्षांनी. शेळके हिंगणघाटचे, म्हणजे आमच्याच विदर्भाचे. पहिली पानं उलटली आणि मी थबकले, कारण त्यातली माणसं माझ्या मायसारखी बोलत होती. 'काऊन' हा शब्द मी तोवर छापलेला पाहिला नव्हता. होस्टेलवर आम्ही वऱ्हाडी मुली तो शब्द गिळून 'का' म्हणायला शिकत होतो, आणि इथे एक लेखक तोच शब्द तोंडात ठेवून एका बाईचा सगळा जीव उभा करत होता.

ती बाई म्हणजे कौतिक. नवरा महादेव शिंपी, पण कामाला अंग न लावणारा. लेकरं, घर, उद्याची भाकर, सगळं कौतिकच्या डोक्यावर. ती ओढते, ओढतच राहते. पुढे महादेवला महारोग होतो. त्या पहिल्या वाचनात मी महादेववर इतकी चिडले की पुस्तक मिटून ठेवलं, पुन्हा उघडलं, पुन्हा चिडले. कौतिक सोसणारी, महादेव नालायक. विषय संपला, असं मला वाटलं.

पण त्या पुस्तकानं एक काम केलं, आणि ते मला घरी गेल्यावर कळलं.

मायला मुतखड्याचा त्रास होता. आमच्या पट्ट्यात घरटी एकाला असतो. डॉक्टरांनी विहिरीचं पाणी बंद करायला सांगितलं होतं. तेव्हापासून बाबा रोज पहाटे सायकलवर सहा किलोमीटरवरच्या गावातून गोडं पाणी आणायचे. मागच्या कॅरिअरला दोन कॅन, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधलेल्या. मग वावर. हे मी दहावीपासून बघत होते. त्या दिवाळीत सुटीवर आले, पहाटे उठून ओट्यावर बसले होते, तेव्हा बाबा आले. पट्टी सोडताना ती सुटून त्यांच्या बोटावर बसली. त्यांनी बोट तोंडात धरलं. माय बाहेर आली, कॅनचं झाकण उघडून आत पाहिलं.

"गढूळ हाय आज."

"तिकडं पाऊस झाला राती."

"राहू द्याचं होतं एक दिवस."

बाबा काही बोलले नाहीत. कॅन उचलून आत नेल्या. मायनं पांढरं फडकं चौपदरी करून माठाच्या तोंडाला बांधलं आणि पाणी गाळायला घेतलं.

पंधरा दिवसांपूर्वी मी 'धग' वाचली नसती तर हे तीन वाक्यांचं बोलणं माझ्या कानांवरून गेलं असतं, जसं पाच वर्षं जात होतं. ज्या पुस्तकात माणसं अशीच तुटक बोलतात आणि तरी सगळं कळतं, असं एक पुस्तक वाचून झाल्यावर माझा कान बदलला होता. "राहू द्याचं होतं एक दिवस" या वाक्यात माय काय म्हणत होती ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. मी आत जाऊन चुलीपुढं बसले आणि पऱ्हाटीच्या काड्या मोडत राहिले, कारण डोळे भरले होते आणि धुराचं निमित्त हवं होतं.

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या दोन संशोधकांचा एक अभ्यास आला होता. त्यांनी लोकांना थोडा वेळ ललित साहित्य वाचायला दिलं आणि नंतर फोटोतल्या नुसत्या डोळ्यांवरून समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखायला सांगितलं. साहित्य वाचणाऱ्यांना ते जास्त जमलं, असं निघालं. पुढे २०१६ मध्ये दुसऱ्यांनी तोच प्रयोग करून पाहिला, तर तसा परिणाम दिसला नाही. मला दोन्ही खरं वाटतं. एका बैठकीत वाचलेल्या चार पानांनी काय होणार? काही बियाणं पडल्या पावसात उगवतं, काही तीन-तीन हंगाम मातीत पडून राहतं. शिवाय, दिवसभर कादंबऱ्या वाचणारी आणि घरात बायकोला एक धड शब्द न बोलणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. नुसतं वाचल्यानं माणूस चांगला होतो असं मी म्हणणार नाही. पण ज्याला समोरच्याचं ऐकायचंच आहे, त्याला कादंबरी कान देते, हे मी माझ्या अनुभवावरून सांगू शकते.

एक उदाहरण अलीकडचं. आमच्याकडे आता मुलींना शेतकरी नवरा नको असतो. माझ्या नात्यातला एक पोरगा, वय तेहतीस, पाच एकर संत्रा, स्वभावानं देवमाणूस. सात ठिकाणी नकार आले. आठव्या ठिकाणी मुलीनं तोंडावर सांगितलं, नोकरीवाला पाहिजे. परतताना गाडीत सगळे त्या मुलीला बोलत होते. पोरी माजल्या, फॅशन पाहिजे, शहर पाहिजे. मला सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधली अलका आठवत होती. बुलडाण्याकडच्या या लेखकाची ही कादंबरी, तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. त्यातला एकनाथ शिकलेला, नोकरी न मिळालेला, शेतीत अडकलेला. आणि त्याची बायको अलका त्या घरात न रुळणारी, धुसफुसणारी. लग्नाआधी वाचलं तेव्हा मला ती बाई नकोशी झाली होती. लग्नानंतर पुन्हा वाचलं तेव्हा मी तिच्या बाजूला जाऊन बसले. तिच्या जागी बसल्यावर घर वेगळंच दिसतं: चुलीचा धूर, सासूचं बोलणं, आणि ज्या भरवशावर बाप लेक देतो तो भरवसाच खोटा निघालेला. पण पुन्हा एकनाथकडे पाहावं तर त्याचाही जीव तितकाच तुटतो. दोघंही खरे, आणि दोघांना एकमेकांचं खरंपण दिसत नाही. गाडीत मी एवढंच म्हटलं, "त्या पोरीनं तिच्या मायचे हात पाह्यले असतील." कोणाला आवडलं नाही. तो पोरगा मात्र माझ्याकडे वळून पाहत राहिला, आणि उतरताना म्हणाला, "काकू, मीबी तिच्या जागी असतो तर नाई म्हनलं असतं."

तर अशी ही मी, कादंबरीतल्या अलकेला दोनदा वाचणारी. स्वतःच्या घरातल्या बाईला मात्र मी चार दिवसांत वाचून मिटवलं होतं.

२०२२ च्या डिसेंबरात आत्याबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू होती, घरातले सगळे बगिच्यात. डॉक्टरांनी त्यांना वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही असं बजावलेलं. चौऱ्याहत्तर वर्षांत ज्या बाईनं दिवसा पाठ टेकली नव्हती ती काळा चष्मा लावून दिवसभर बाजेवर. टीव्ही बघायचा नाही. दुसऱ्याच दिवशी त्या चिडचिड करू लागल्या. मी म्हटलं, काही वाचून दाखवू का? त्यांना वाटलं पोथी. पोथी त्यांना पाठ होती. मग मी कपाटातून 'धग' काढली.

पहिल्या दिवशी पाच पानं झाली असतील, तर म्हणाल्या, "हे कोनी लिवलं? बाईनं का?"

"नाही, माणसानं."

"त्याले कसं माईत मंग?"

मोठमोठ्या समीक्षकांचं वाचलं आहे, पण याहून मोठी दाद मी कुठे वाचलेली नाही.

रोज दुपारी दीड-दोन तास. शेजारच्या दोन म्हाताऱ्याही येऊन बसू लागल्या. कौतिकवर त्यांची बारीक नजर. एखाद्या ठिकाणी तिनं फार ताणून धरलं असं वाटलं की एक म्हातारी म्हणायची, "तीबी काई कमी नाई." मी मात्र या पुस्तकात तोवर तिला कधी दोष दिला नव्हता. महादेवबद्दल आत्याबाई काहीच बोलायच्या नाहीत. मी मुद्दाम एकदा विचारलं, "कसा आहे हा माणूस?" तर म्हणाल्या, "आंगात नसंल त्याच्या. आळशी कोनी जल्मत नाई." मी पुढचं पान उलटायला विसरले. माझ्या विसाव्या वर्षी केलेला निवाडा या बाईनं एका वाक्यात पुन्हा खुला केला होता.

महादेवच्या रोगाच्या पानांशी आलो त्या दिवशी म्हाताऱ्या आल्या नव्हत्या, कोणाकडे तरी तेरवी होती. मी वाचत होते. एकाएकी आत्याबाई म्हणाल्या, "बस."

"पाणी देऊ का?"

"बस म्हनलं नं."

पुढचे दोन दिवस त्यांनी पुस्तकाचं नावही काढलं नाही. मला वाटलं, कंटाळल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना चहा द्यायला गेले, कप हातात दिला, तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला बाजेवर बसवलं. डोळ्यांवर काळा चष्मा, त्यामुळे त्या माझ्याकडे पाहतात की भिंतीकडे ते कळत नव्हतं.

त्यांना एक मोठा भाऊ होता. हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आत्याबाई बारा-तेरा वर्षांच्या होत्या, भाऊ अठरा-एकोणीसचा. त्याच्या पाठीवर, मग दंडावर चट्टे आले. बोटं बधिर झाली. चुलीतला निखारा उचलला तरी त्याला कळलं नाही. आजीनं ओळखलं. त्याची बाज गोठ्याच्या बाजूच्या खोलीत गेली. जेवायला काशाचं वेगळं ताट. मायनं ते दाराशी ठेवायचं आणि काठीनं दगडी उंबऱ्यावरून आत सरकवायचं. "तो आवाज कसा येते माईत हाय का तुले?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच बाजेच्या लाकडी ठाव्यावर नख ओढून दाखवलं.

एक दिवस माय वावरात होती. आत्याबाईंनी ताट उचललं, आत गेल्या आणि त्याच्या हातात दिलं. तो घेईना. "ठेव खाली, जाय बाहीर," म्हणत राहिला. त्या उभ्याच. शेवटी त्यानं दोन्ही तळहात पुढं केले आणि त्यावर ताट घेतलं. आजीनं दारातून पाहिलं. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं त्यांना घासून आंघोळ घातली आणि मग फोकानं मारलं. महिन्याभरानं भावाला अमरावतीला तपोवनात पोचवलं. शिवाजीराव पटवर्धनांचं कुष्ठरोग्यांसाठीचं तपोवन, १९४६ पासूनचं. तिथं त्याला माणसासारखं ठेवलं, असं नंतर एकदाच, बापाच्या तोंडून त्यांच्या कानावर आलं. गावात सांगितलं, मुंबईला गिरणीत गेला. पुढं सांगितलं, तिकडंच वारला. आत्याबाईंचं लग्न त्यावरच जमलं. खरं कळतं तर कोणी केली नसती.

"मामाजींना?" मी सासऱ्यांबद्दल विचारलं.

"नाई. त्याईलेबी नाई सांगितलं. चाळीस वर्सं एका घरात राह्यलो."

मी काय बोलणार. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं एक कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासून लिहिलेलं होतं. संसदेनं ते काढलं २०१९ मध्ये. म्हणजे ज्या काळात त्या मामाजींपासून हे लपवत होत्या, त्या सगळ्या काळात कायदाही त्यांच्या भीतीच्या बाजूनंच उभा होता. औषधं आली, १९८० नंतरच्या नव्या उपचारांनी हा रोग पूर्ण बरा होऊ लागला, आमच्या गावच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर तसं रंगवलेलंही आहे. त्या भिंतीसमोरून आत्याबाई किती वेळा गेल्या असतील.

मला २००५ चा मे महिना आठवला. फरशीवरून गेलेलं ताट. मी सांगितलं त्यांना, की तुम्ही मला बोलल्या होत्या, आणि मी तेव्हापासून मनात धरून बसले होते.

"बोलली असंन," त्या म्हणाल्या. त्यांना तो प्रसंग आठवतही नव्हता. "तो आवाज आला का माह्यं डोस्कं ठिकानावर नसते."

सतरा वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही, ताट सरकवल्याचं तुम्हाला एवढं का लागतं? पुण्या-मुंबईच्या कादंबऱ्यांतला तो प्रश्न, "आज गप्प का आहेस?", मला लहानपणी एवढा आवडायचा, आणि या घरात तो विचारायची पाळी माझी होती. कादंबरीत लेखक आपल्याला माणसाच्या मनात घेऊन जातो, दार उघडून देतो. घरात तसं कोणी घेऊन जात नाही. मी मात्र तेवढ्या वाचनाच्या जोरावर, न विचारता, मला सगळं दिसतं असं धरून चालले होते.

हे लिहू का, असं मी त्यांना मागच्या महिन्यात विचारलं. त्या वाटाणे सोलत होत्या. "लिव," म्हणाल्या. "आता कोनाचं लगन मोडते?"

त्या डिसेंबरात, त्यांनी सगळं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दुपारी, मी पुन्हा पुस्तक घेऊन बसले. थांबलो होतो ते पान मी दुमडून ठेवलं होतं. तिथून सुरू करणार तर आत्याबाईंनी हात वर केला.

"तिथून नोको. मांगून वाच."

"कुठून?"

"जिथून तो चांगला हाय, तिथून."

मी पानं मागे उलटत गेले. महादेव शिवणयंत्राशी बसलेला आहे अशा एका पानाशी थांबले आणि वाचायला लागले.